उष्णतेला वाट

६ एप्रिल २०२५, रविवार, रामनवमी

आप्पा जव्हारहून राहायला आलेत. रामनवमीच्या सकाळी गीतरामायण, हा घरचा जुना शिरस्ता. आंघोळी आटोपल्याबरोबर लावलं, आवाज बेताचाच ठेवला. तासाभरानं टीव्ही युनिटमधून रिलेचा ‘टक्‌’ असा आवाज आला, गाणं मध्येच तुटलं आणि स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकू लागला. युनिटचं दार उघडलं तर झळ तोंडावर आली. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर हात ठरेना. यंत्र बिघडलेलं नाही. आतलं तापमान हद्दीबाहेर गेलं की ते आपणहून बंद पडतं, तशीच त्याची रचना असते.

“निवू दे त्याला जरा,” आप्पा म्हणाले आणि तेवढ्यात रेडिओच्या आठवणी निघाल्या. १ एप्रिल १९५५, तीही रामनवमीच. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं, मग आठवड्याला एक अशी वर्षभरात ५६ गीतं. यंदा सत्तर वर्षं झाली. ती गीतं घरातल्या सामानापायी अर्धवट राहावीत हे मला खपत नाही.

९ एप्रिल, बुधवार

कारखान्यातून थर्मोकपलचा मीटर आणला. इन्फ्रारेड बंदूकही आहे, पण ती चकाकत्या ॲल्युमिनियमवर खोटं बोलते, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. त्यावर उपाय म्हणजे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि बंदूक त्यावर रोखायची. दोन्हींचे आकडे जुळले. खोली ३३ अंशांवर होती. युनिटचं दार लावून तासभर चालवलं तर जाळी ६४ वर गेली. दार सताड उघडं ठेवलं तर ५१ वर थांबली. म्हणजे तेरा अंशांचा फरक निव्वळ एका दारानं पडला.

हे तेरा अंश किरकोळ नाहीत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. ‘१०५ अंश, २,००० तास’ अशी छाप असलेला कपॅसिटर ७५ अंशांवर राबवला तर हिशोबानं १६,००० तास निघतात, ६५ वर ठेवला तर ३२,०००. रोज चार तास लावणाऱ्या घरात हा फरक म्हणजे कित्येक वर्षं.

आवाज लहान असूनही यंत्र का तापतं, असं बायकोनं विचारलं. आमचा रिसीव्हर क्लास एबी जातीचा. त्यातल्या ट्रान्झिस्टरमधून गाणं नसतानाही थोडा प्रवाह सतत वाहता ठेवावा लागतो, नाहीतर सूर बारीक असताना कडा खरखरीत होतात. त्या प्रवाहाची उष्णताच होते. गाणं सुरू झालं की भर पडते, आणि आमचे पुढचे स्पीकर ४ ओहमचे आहेत. तेवढ्याच व्होल्टेजला ते ८ ओहमच्या दुप्पट प्रवाह ओढतात.

१३ एप्रिल, रविवार

वापीच्या एका दुकानदाराचा सल्ला, “भाऊ, जास्त वॅटचा नवा घेऊन टाका.” पटत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटावा म्हणून दहापट वॅट लागतात. आमच्या खोलीत बोलणं-गाणं ऐकायला तर मोजके वॅट पुरतात. बाकीची ताकद सिनेमातल्या क्षणभराच्या स्फोटासाठी राखीव. आणि त्याच बंद कपाटात त्याहून मोठं यंत्र कोंबलं तर तेही तिथंच गुदमरणार.

कोंडलेली उष्णता बाहेर काढायची, हेच काम मी कारखान्यात बारा महिने करतो. इथं दादरा-नगर हवेलीतल्या खानवेल-खेरडी पट्ट्यात सुताचे कारखाने आहेत. आमच्याकडे पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेलं सूत, दोनशे अंशांच्या आसपासच्या हीटरमधून जातं, मग कूलिंग प्लेटवरून निवत निवत पीळ देणाऱ्या फ्रिक्शन डिस्कपाशी पोहोचतं. सूत नीट निवलं नाही तर पीळ नीट बसत नाही. या यंत्रांच्या मोटरी चालवणारे ड्राइव्ह लोखंडी पॅनेलमध्ये असतात. पॅनेलचा पंखा बसला किंवा जाळीत तेलकट तंतूंचा थर साचला की एप्रिलच्या दुपारी ड्राइव्ह ट्रिप होणार, हे इथला शिकाऊ पोरगाही सांगेल. त्या पॅनेलचा नियम साधा आहे: गार हवा खालून, गाळून आत घ्यायची, गरम हवा वरून बाहेर काढायची आणि बाहेर गेलेली हवा परत आत येऊ द्यायची नाही. हजारो रुपयांच्या यंत्राला घरात हा नियम कोणी लावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फर्निचर विकणारे काचेची दारं लावून देतात, मागे सलग फळी ठोकतात, आणि लोक त्यात रिसीव्हर ठेवून वर सेट-टॉप बॉक्सही ठेवतात.

१९ एप्रिल, शनिवार

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन आलो. १२० मिलिमीटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे, जाळ्या आणि केएसडी ३०१ हा बटणाएवढा थर्मोस्टॅट घेतला, एक जास्तीचाही. तो ४५ अंशांना आपोआप जोडला जातो.

गाडीत बसून हवेचा हिशोब केला. शंभर वॅट उष्णता बाहेर काढायची आणि कपाटातली हवा खोलीपेक्षा नऊएक अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर तासाला साधारण ३४ घनमीटर हवा पुरते. दोन मोठे पंखे एवढं आळसात करतील. लहान पंखे मात्र घेऊच नयेत. तेवढ्याच हवेसाठी ते जोरात फिरतात आणि चिरकतात. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. म्हणून १२ व्होल्टचे पंखे मी मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवणार. सुरू होताना अडत नाहीत ना, एवढं दुकानातच पाहून घेतलं.

शांततेचा हा हट्ट मला महत्त्वाचा वाटतो. ध्वनितंत्रज्ञ रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली, आणि त्यांचं पहिलं मोठं काम होतं टेपवरची सळसळ कमी करण्याचं. सिनेमागृहांतला भोवताली फिरणारा आवाज त्यानंतरचा. आलापाच्या मागे पंख्याची घरघर येणार असेल तर सगळा खटाटोप वाया.

२७ एप्रिल, रविवार

सुतारकाका आले. मागच्या फळीला वरच्या अंगाला दोन गोल, पुढच्या पट्टीला खाली लांबट खाच. पंखे बाहेर फुंकणारे, खालच्या खाचेला गाळणी. रिसीव्हरच्या पायांखाली रबराचे ठोकळे आणि वर वीतभर जागा. सेट-टॉप बॉक्सची उचलबांगडी. थर्मोस्टॅट जाळीला, हीटसिंकच्या बरोबर वर चिकटवला. पाल आत शिरू नये म्हणून मागच्या भोकांना बारीक जाळी मारायला काकांनीच सुचवलं. काकांच्या ओळखीच्या एका घरात उबेला आलेली पाल सर्किटवरच जळाली होती.

संध्याकाळी मोजलं. दार लावून तासाभरानं ४९.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्यतृतीया

मुहूर्तावर खरेदी: तीन चॅनेलचा क्लास डी पॉवर ॲम्प. रिसीव्हरच्या प्रीआउटमधून तीन तारा काढल्या, डावा-उजवा-मधला हे तीन स्पीकर त्यावर टाकले. मागचे दोन तेवढे रिसीव्हरकडे राहिले. क्लास डीचे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात, सेकंदाला लाखो वेळा. मधल्या अवस्थेत रेंगाळत नाहीत, म्हणून ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. तासभर चालवूनही पेटी कोमटच.

११ मे, रविवार

माइक लावून स्पीकरची मापं पुन्हा घेतली. रिसीव्हरनं पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवले होते, ते मी ‘स्मॉल’ केले आणि ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठवलं. त्याला स्वतःचा ॲम्प आहे. खर्जाला सर्वांत जास्त ताकद लागते, तेवढं ओझं बाकीच्यांवरून उतरलं. अशी फुकटात होणारी सुधारणा लोक शेवटी करतात. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

रात्री खूप वेळ नुसतं गाणं ऐकलं. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आता पसरट न होता जागच्या जागी थांबते.

२८ मे, बुधवार

यंदा पाऊस फार लवकर आला, परवाच मुंबईत पोहोचला. इकडेही हवेला ओल सुटली. जाळी ४३ वर, पंखे दिवसभर गप्प.

१९ जुलै, शनिवार

संततधार. कपाटातल्या लेदरच्या पट्ट्यावर बुरशी आली तेव्हा यंत्राची काळजी वाटली. कारखान्यातल्या पॅनेलमध्ये दोन थर्मोस्टॅट शेजारी-शेजारी असतात. निळ्या खुणेचा गरमीत पंखा लावतो, लाल खुणेचा थंडी-ओलीत छोटा हीटर लावतो, म्हणजे पॅनेलमध्ये दव धरत नाही. घरी हीटरची गरज नाही. रिसीव्हर रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवला की त्याची स्वतःचीच ऊब आतली ओल हाकलते. एप्रिलमध्ये जी उष्णता शत्रू होती ती आषाढात मी जपून वापरतोय. पंख्याचा थर्मोस्टॅट ४५ चा घेतल्यामुळे ही ऊब उगाच उडून जात नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. १९५४ साली याच तारखेला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं आणि त्या सशस्त्र तुकडीत गीतरामायण गाणारे सुधीर फडके होते. निधी उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाणी गायली. १९६१ च्या ऑगस्टमध्ये हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. फडक्यांनी सिल्वासाची मोहीम केली आणि आठ महिन्यांच्या आत गीतरामायण सुरू झालं. चिखलातून बंदूक घेऊन चालणारा माणूस आणि तो तलम आवाज एकच, याचं मला दरवर्षी नव्यानं अप्रूप वाटतं.

आप्पा पुन्हा आलेत. या वेळी रिसीव्हरला ‘डायरेक्ट’वर ठेवलं. पाच स्पीकरांत विभागलेलं त्यांना नको होतं आणि मलाही नको होतं. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाला समोरचे दोन स्पीकर पुरेत. ते दोन स्वच्छ वाजले की फडक्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सलग दोन तास चाललं, रिले एकदाही वाजला नाही. जाळी ४७.

खालच्या खाचेची गाळणी धुतली, करड्या तंतूंचा थर निघाला. दर महिन्याला धुवावी लागणार. शेजाऱ्यांनी त्यांच्या युनिटची मागची फळी कापून मागितली आहे. उद्या सकाळी सुतारकाका जिगसॉ घेऊन येतील. उरलेला एक थर्मोस्टॅट माझ्याकडे आहेच, पंखे मात्र मोठेच आणायला सांगितलेत.