सव्वा मिलिमीटर

पितळेचा एवढासा तुकडा. बाहेरून आटे, डोक्याला खाच आणि मधून आरपार एक भोक. सगळी किंमत त्या भोकाची. डेलॉर्टो कार्बुरेटरच्या मेन जेटवर १२५ हा आकडा असला, तर ते भोक १.२५ मिलिमीटरचं, आणि डबीतल्या शेजारच्या खणातला १२८ म्हणजे १.२८. मधला फरक माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीइतकाही नाही. पण भोकाचं क्षेत्रफळ काढून बघा, जवळपास पाच टक्क्यांची तफावत निघते. गो-कार्टच्या शर्यतीत एवढ्यावर एखादा पुढे निघून जातो आणि एखाद्याचा पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळसला कार्टचा ट्रॅक नाही. इथल्या माळावर शर्यत लावतात ती चिंकारा हरणं, आणि तीही कुणी मागं लागलं तरच. पण जेट म्हणजे काय, हे इथल्या जुन्या गॅरेजवाल्याला सांगावं लागत नाही. १९७२ साली आलेली लुना, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून डेअरीकडं धावणारी एम-एटी, आणि १९८५ ते १९९६ या काळात बनलेली, अजूनही कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जपलेली आरएक्स हंड्रेड. या टू-स्ट्रोक गाड्यांनी इंदापूर-बारामतीच्या दोन पिढ्यांचे कान तयार केले. गाडी भकभक करायला लागली की मिस्त्री म्हणायचा, ‘पेट्रोल जास्त घेतीय.’ उघडलेला जेट तो उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघायचा, तोंडानं फुंकायचा आणि शिकाऊ पोराला दम द्यायचा, ‘पिन घालू नको रं, भोक मोठं हुईल.’ कार्ट इंजिनांच्या जाणकारालाही त्यात काही वाढवायला जागा नाही.

कार्बुरेटरची गोष्ट तशी सोपी आहे. नळी मध्येच अरुंद केली की तिथं हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जाऊन त्याचे तुषार होतात. विल्हेल्म मायबाखनं १८९३ मध्ये असा तुषार उडवणारा कार्बुरेटर केला, त्याचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. ॲक्सिलरेटर नुकताच उघडलेला असताना पायलट जेटचं राज्य, मधल्या टप्प्यात नीडलचं, आणि पूर्ण पिळला की मेन जेटचं. मात्र या यंत्रात एक उणीव जन्मापासूनची. त्याला हवेचं आकारमान कळतं, वजन तितकं कळत नाही. इंजिन दर फेऱ्याला तेवढीच जागा भरून हवा ओढतं, पण त्या जागेत प्राणवायू किती आला हे दिवसावर ठरतं.

आणि आमच्याकडचा दिवस काही एकसारखा नसतो. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबरच्या पहाटे तो बारा-तेरावर येतो. तेवढ्या फरकानं हवा नऊ-दहा टक्के जड होते. रात्री माळावरून खाली नीरा डाव्या कालव्याच्या उसाच्या पट्ट्यात उतरलं की गारवा गुडघ्यांना आधी कळतो, इंजिनाचा आवाजही भरल्यासारखा होतो. ओलाव्याचा हिशेब त्याहून वेगळा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, आणि ती प्राणवायूची जागा अडवते. ज्वारीच्या पिठात पाणी किती, हे आजी पिठाला हात लावून ठरवायची. जेटचंही तसंच, फक्त इथं पीठ म्हणजे त्या दिवसाची हवा.

हा खेळ पाहायचा तर कोल्हापूर गाठावं. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्स मॅक्सच्या वर्गात १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन सील केलेलं असतं. ते उघडायचं नाही, घासायचं नाही. सगळ्यांना घोडा सारखा. मग मेकॅनिकच्या हाती उरतं काय? गिअरचे दात, टायरमधली हवा आणि जेटची डबी. म्हणून फेरीआधी तो तापमान बघतो, हवेचा दाब बघतो, फेरीनंतर प्लग काढून रंग बघतो. काळा ओलसर असेल तर जेट मोठा, पांढुरका असेल तर बारीक, चॉकलेटी असेल तर जमलं. समुद्रसपाटीच्या चेन्नईकडं जमलेला जेट कोल्हापूरच्या पठारावर जसाच्या तसा चालत नाही. पाचेकशे मीटर चढलं की हवा सुमारे पाच टक्के विरळ झालेली असते.

यातला मोह मला फार मानवी वाटतो. जेट बारीक करत गेलं की इंजिन मोकळं होतं, आवाज धारदार होतो, कार्ट सरळ रस्त्यावर सुटते. पण टू-स्ट्रोक कार्टला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर उष्णता जास्त. सीझ होण्याच्या, म्हणजे पिस्टन चिकटण्याच्या, अगदी आधी इंजिन सर्वांत गोड वाजतं. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं पहिली कार्ट बनवली. त्यानंतरच्या शंभर सीसीच्या जमान्यातले चालक लांब सरळ रस्त्याच्या शेवटी एक हात मागं नेऊन कार्बुरेटरच्या तोंडावर क्षणभर धरायचे. हवा अडली की मिश्रण दाट व्हायचं आणि तापलेल्या पिस्टनला ऑइलचा घोट मिळायचा. ताशी शंभरच्या पुढं वेग असताना एका हातानं स्टिअरिंग धरून दाखवलेली ही माया!

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बुरेटर गेला. हवेचं मोजमाप आता सेन्सर करतात. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराचा विचार केला तर ते झालं ते बरंच झालं. तरीही जेटनं शिकवलेली एक गोष्ट टाकून देववत नाही. बरोबर जेट असा कायमचा नसतोच, तो अमुक दिवशी, अमुक वेळी बरोबर असतो. भर दुपारच्या विरळ हवेत जिंकून देणारा जेट तसाच ठेवला, तर संध्याकाळच्या गार, जड हवेत तोच कमी पडतो आणि इंजिन खातो. म्हणून शहाणा मिस्त्री हिशेबानं निघालेल्या जेटपेक्षा एक आकडा मोठा लावतो. थोडा वेग जातो, प्लग जरा काळवंडतो, पण गार वाऱ्याची एखादी झुळूक सोसायला इंजिनात जागा राहते. ती जागा ठेवायला ज्याला जमत नाही, त्यानं कितीही जेट बदलले तरी शेवटी पिस्टनच बदलावा लागतो.