पिठाचे मडके

मराठी ख्रिस्ती माणूस प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा देवाजवळ भाकर मागतो. भाषांतरकारांनी येथे पाव हा शब्द घेतला नाही, नुसते अन्नही म्हटले नाही. हा निर्णय आम्हांला नेहमीच फार शहाणपणाचा वाटत आला आहे. झाडाचे फळ आयते हाती येते, भाकर येत नाही. तिच्यासाठी दाणे निवडावे लागतात, दळावे लागतात, पीठ मळावे लागते आणि तव्याशी कोणाला तरी बसावे लागते. मूळ ग्रीक प्रार्थनेत या भाकरीला 'एपिऊसिओस' असे एक विशेषण लावलेले आहे. प्राचीन ग्रीक वाङ्मयात हा शब्द अन्यत्र जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे भाकर आजची, उद्याची की जगण्यापुरती, याविषयी पंडितांचे एकमत नाही. संत जेरोमने तर लॅटिन भाषांतरात मत्तयाच्या शुभवर्तमानात एक प्रतिशब्द योजला आणि लूकच्या शुभवर्तमानात दुसराच. ज्या शब्दावर कोट्यवधी लोकांचा रोजचा भरवसा उभा आहे, त्याचाच अर्थ असा निसटता असावा, ही गोष्ट आम्हांला काहीशी सुखावते.

'देव पुरवील' हे वाक्य ख्रिस्ती घरांत आम्ही लहानपणापासून ऐकतो. आकाशातल्या पाखरांचा आणि रानातल्या फुलांचा दृष्टान्त त्याच्या पाठीशी असतोच. परंतु भरवशाविषयीचे बहुतेक वाङ्मय ज्याला मिळाले त्याने लिहिलेले असते. ज्याच्या हातून दिले गेले त्याची बाजू त्यात क्वचितच येते. जुन्या करारातील एलीयाची कथा याला अपवाद आहे. दुष्काळ पडतो, ओढ्याचे पाणी आटते आणि देव आपल्या संदेष्ट्याच्या जेवणाची सोय लावतो. ती लावतो कोठे, तर सारफथ गावच्या एका विधवेकडे. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरलेले आहे. त्याची भाकर करून आपण आणि आपला मुलगा खाऊ व मग मरू, असा तिचा हिशेब आहे. त्या हिशेबात हा परका मनुष्य येऊन आधी मला दे म्हणतो. पुढे ते पीठ सरत नाही, हा चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. आमचे लक्ष मात्र पहिल्या भाकरीवर खिळते. ती थापली तेव्हा पीठ सरणार नाही याचा पुरावा तिच्या हाती आलेला नव्हता.

मराठीत या विधवेची आठवण करून देणारे एक पुस्तक आहे आणि त्याचा एक धागा आमच्या नागपुरातून जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने राहिले होते. 'ऋषी' हे मासिक त्या काळातले. पुढे ते राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई, त्यांच्या पत्नी, मागे राहिल्या. सुमारे पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर होत्या, आणि १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याची एकेक भिंत त्यांनी आपल्या बुद्धीने पाडली. कोणाच्या धाकाने किंवा केवळ पतीच्या इच्छेने नव्हे.

टिळक हे भरवशाचे कवी. 'उपासना संगीता'तील त्यांची पदे नागपूरच्या मराठी मंडळ्यांत आजही रविवारी गायिली जातात आणि ती गाताना आवाज आपोआप मऊ होतो. परंतु या भरवशाच्या माणसाच्या हाती पैसा टिकत नसे. समोर गरजू आला की घरात काय उरले आहे याचा विचार मागे पडे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, म्हणजे ठरलेल्या पगारावर पाणी सोडले, आणि 'देवाचा दरबार' काढून साताऱ्याला राहावयास गेले. पंचावन्न वर्षे उलटलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय भव्य होता यात शंका नाही. पण भव्य निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावीच लागते. 'स्मृतिचित्रे' हे त्या चुलीपाशी बसलेल्या बाईचे पुस्तक आहे. टिळकांकडे विश्वासाचे पद्य होते, तर लक्ष्मीबाईंकडे विश्वासाचे गद्य. तक्रार करावी अशा शेकडो जागा त्या पुस्तकात आहेत आणि बहुतेक जागी बाई हसतात. समीक्षकांनी या विनोदाला निर्मळ, निर्व्याज वगैरे विशेषणे दिली आहेत. आमच्या मते तो तितका भोळा नाही. ज्या माणसावर जीव आहे त्याच्या श्रद्धेचा खर्च आपण सोसला, हे त्याला न दुखवता नोंदवून ठेवण्याची ती रीत आहे.

हे आम्ही इतक्या आग्रहाने म्हणतो याचे कारण आमच्या घरात आहे. वडील नागपुरातील एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि देणी कित्येक वर्षे अडकून राहिली. वडील रोज पहाटे गुडघे टेकत. त्यांच्या विश्वासात आम्हांला कधीही खोट दिसली नाही. आई पिठाच्या डब्यात वाटी बुडवून किती दिवसांचे आहे ते पाही. "तो पुरवील हो," ती म्हणे, "पण चक्कीवर कोण जाईल?" यात उपहास नव्हता. तिला खरोखरच कोणी तरी चक्कीवर जायला हवे असे.

आमच्या समोरच्या घरातल्या मावशी बौद्ध. त्यांच्या सासऱ्यांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या पाठोपाठ धम्मदीक्षा घेतली होती. गावाकडून ज्वारीचे पोते आले की त्या त्यातली दोन पायल्या डब्यात घालून आणत. म्हणत, "आमच्याकडं पडून राहते, किडे लागतात, घेऊन जा ना बाई." (इस्राएल लोकांनी उद्यासाठी साठवलेल्या मान्न्यालाही किडे पडले होते. वडिलांना हा योगायोग फार आवडे. मावशींना तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते.) आई डबा रिकामा परत करीत नसे. काही नसेल तर अंगणातली कढीपत्त्याची दोन डहाळी त्यात घाली. एकदा वडिलांनी सांगितले, की आम्ही प्रार्थनेत तुमचे नाव घेतो. मावशी हसल्या. "माझं नाव तुमच्या देवाला कशाला सांगता? मी त्याला मानत नाही, त्याला राग यायचा."

वडिलांच्या दृष्टीने ज्वारी देवाने पाठवली होती. मावशींच्या दृष्टीने ती त्यांच्या शेतातून आली होती आणि शेजाऱ्याच्या घरात कमी आहे एवढे कारण पुरेसे होते. आम्ही पुष्कळ वर्षे यांपैकी एक बाजू निवडण्याची धडपड केली. आता करीत नाही. सारफथ हे गाव सीदोनच्या मुलखातले, म्हणजे ती विधवाही एलीयाच्या धर्माची नव्हतीच. नासरेथच्या सभास्थानात येशूने ही गोष्ट नेमकी बोलून दाखवली तेव्हा ऐकणारे इतके संतापले की त्यांनी त्याला कड्यावरून लोटून देण्यासाठी गावाबाहेर नेले. देवाचा पुरवठा परक्याच्या हातून येतो, हे धर्मनिष्ठांना तेव्हाही सहज पचले नव्हते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे घ्यावेसे वाटते. अमेरिकेतील मंडळाने त्यांच्या कार्याला दहा वर्षांसाठी दिलेले मदतीचे वचन १८९८ साली संपत होते. त्याच्या आधीच, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. आधी माणसे आली, मग त्यांच्या अन्नाचा प्रश्न. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणाजवळही पैसा न मागता अनाथालये चालवली, हे त्यांनी वाचले होते आणि तो मार्ग त्यांनी स्वीकारलाही. पण केडगावला त्यांनी विहिरी खणवल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा असे दोन्ही विश्वास एकाच देहात नांदलेले आम्हांला रमाबाईंमध्येच दिसतात. पीठ मागणारीही तीच आणि मळणारीही तीच.

परंतु पीठ सरते, त्याचे काय? नागपुरात मिशनचे काम उभे करणारे स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून मरण पावले. १८४५ पासून त्यांनी या मुलखात शाळा चालवल्या, दगडांचा, जीवाश्मांचा आणि गोंड लोकांच्या बोलींचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली निघाले. त्यावरून देवाने कार्य पुढे नेले असे सांगण्याची पद्धत आहे. महाविद्यालय झाले हे चांगलेच झाले, पण बुडालेल्या माणसाच्या बायकोमुलांपुढे हे उत्तर ठेवण्याचे धाडस आम्हांला होणार नाही. एलीयाच्या कथेतही, ज्या घरात पीठ सरत नव्हते त्याच घरात पुढे त्या विधवेचा मुलगा मरतो. ती तेव्हा स्तोत्र म्हणत नाही. ती संदेष्ट्याला फैलावर घेते. मुलगा पुढे जिवंत होतो खरा, तरीही बाईचा तो संताप ग्रंथाने गाळून टाकलेला नाही. वडील गेले तेव्हा आईही कित्येक महिने प्रार्थनेला बसली नाही. मंडळीतल्या कोणी तिला त्याबद्दल टोकले नाही, याचे आम्हांला आजही बरे वाटते. समोरच्या मावशी तेव्हाही रोज येत, आणि डबा नसला तरी येत.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. आश्रिताची बायको म्हणून लक्ष्मीबाईंनी जे नागपूर पाहिले होते, तेथेच १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले आणि त्या त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्राचे महाकाव्य आरंभिले होते. थोडे अध्याय लिहून ते गेले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी, त्या जेमतेम लिहावयास शिकलेल्या बाईंनी, १९३६ सालच्या आपल्या मृत्यूपूर्वी लिहून काढला.