गारलँड रस्त्यावरचे घर

ज्यूरीने कायदा बाजूला सारून आरोपीला सोडल्याचे उदाहरण म्हणून डेट्रॉइटचा स्वीट खटला मी अनेक वर्षे सांगत आलो. खटल्याचा तपशील नीट वाचल्यावर आपले चुकले, हे ध्यानात आले. म्हणून आजचा हा धागा.

ऑसियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर. ८ सप्टेंबर १९२५ रोजी ते पत्नी ग्लॅडिस यांच्यासह गोऱ्यांच्या वस्तीत १८,५०० डॉलरना घेतलेल्या घरात राहायला आले. सामानाबरोबर बंदुका आणि काडतुसेही आली होती, आणि त्याला कारण होते. त्याच उन्हाळ्यात शहरातील डॉ. टर्नर या दुसऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टरांना जमावाने नव्या घरातून हुसकावले होते. दुसऱ्या रात्री गारलँड रस्त्यावर जमाव गोळा झाला. दगडांनी काचा फुटल्या आणि आतून गोळ्या सुटल्या. बाहेर एक गोरा रहिवासी मृत्युमुखी पडला, दुसरा जखमी झाला. पोलीस घटनास्थळीच उभे होते. घरातील अकराही जणांवर, ग्लॅडिससह, खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

खरी गंमत पुढे आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६० मध्येच, पाँड खटल्यात, ठरवून टाकले होते की घरावर चालून आलेल्यांपासून जिवाला धोका आहे असे प्रामाणिकपणे वाटले, तर माणसाला प्रतिकाराचा अधिकार आहे. मागाहून तो धोका खोटा ठरला तरीही. म्हणजे प्रश्न आरोपीच्या मनातील भीतीचा होता. म्हणूनच स्वीट यांनी आपल्या समाजावर झालेल्या अत्याचारांविषयी दिलेली साक्ष न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी ऐकून घेतली. सरकारी साक्षीदार सांगत होते की जमाव नव्हताच, थोडी माणसे होती. वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्या उलटतपासणीत त्या ‘थोडी’चे पितळ उघडे पडत गेले.

पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. मग सरकारने गोळी झाडल्याचे कबूल करणाऱ्या धाकट्या भावाला, हेन्रीला, एकट्याला उभे केले. १३ मे १९२६ रोजी गोऱ्या पुरुषांच्याच ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

हे कायदा झुगारणे नव्हते. कायदा स्वीट यांच्याच बाजूने होता. ज्यूरी तो गुंडाळून ठेवील, ही धास्ती होती. कायदा झुगारणे पाहायचे तर १९५५ चे मिसिसिपी पाहावे: एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या मारेकऱ्यांना गोऱ्या ज्यूरीने तासाभरात सोडले, आणि पुढे त्यांनीच एका मासिकात खुनाची कबुली दिली. तरी त्यांना पुन्हा हात लावता आला नाही, कारण अमेरिकेत ‘निर्दोष’ हा निकाल अखेरचा असतो. आपल्याकडे तसे नव्हते. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले, तरी न्यायाधीशांनी ते अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. त्या काळच्या आपल्या फौजदारी प्रक्रियेत ती सोय होती. टिलची कथा वाचल्यापासून मला ती सोय पूर्वीइतकी खटकत नाही.

उरलेल्या आरोपींवरील खटले १९२७ मध्ये मागे घेतले गेले. ग्लॅडिस आणि लहानगी आयव्हा, दोघीही काही वर्षांतच क्षयाने गेल्या. डॉक्टर पुढे त्या घरात राहायला परतले. १९६० मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.