मनोऱ्यावरील वसंतगीत

वैशाखाच्या उन्हाने आपली अंगणे तापलेली असतात, त्याच सुमारास, १ मे रोजी, इंग्लंडात वसंताचे स्वागत होते. ते पाहावे ऑक्सफर्ड येथे. चेरवेल नदीच्या पुलापाशी मॉडलिन कॉलेजचा १४४ फूट उंचीचा मनोरा आहे; त्याचे बांधकाम १४९२ साली सुरू होऊन १५०९ साली पुरे झाले. पहाटेच्या गारठ्यात हजारो माणसे पुलावर व रस्त्यावर दाटीने उभी राहतात. सहाचे ठोके पडतात आणि गर्दी निःशब्द होते. मनोऱ्याच्या माथ्यावरून गायकवृंद प्रथम लॅटिन स्तोत्र म्हणतो. मागाहून वसंतगीते येतात.

त्यांत टॉमस मॉर्ले याचे, १५९५ साली प्रसिद्ध झालेले, मे महिन्याचे गीत पुष्कळदा असते. तरुण-तरुणींनी हिरव्या गवतावर खेळावे, नाचावे, एवढाच त्याचा आशय. मधून मधून आपल्या तराण्यातल्यासारखी अर्थहीन अक्षरे येतात आणि शब्दांत न मावलेला आनंद त्यांतून नाचू लागतो. त्याचे आवाज पाच. आपली आरती सारे घर एकाच चालीत म्हणते. येथे प्रत्येकाची वाट निराळी, तरी मेळ एक.

मात्र अशी गीते मुख्यतः घरगुती बैठकीची. त्या काळी ती प्रत्येक आवाजाच्या स्वतंत्र पुस्तिकेत छापीत. ज्याच्या हाती जी पुस्तिका, तेवढाच भाग त्याला दिसे. संपूर्ण गीत कोणा एकाच्या हाती नसे. पाचजण जमले म्हणजेच ते पुरे होई. मॉर्लेच्याच १५९७ सालच्या संगीतशिक्षणाच्या ग्रंथात एक कल्पित गृहस्थ आहे. मेजवानीनंतर यजमानीणबाई त्याच्यापुढे अशी पुस्तिका ठेवतात. त्याला गाता येत नाही. याचे शिक्षण तरी कसे झाले, अशी कुजबुज होते आणि तो ओशाळून गुरूकडे धाव घेतो.

आज पुलावरचा समुदाय माना उंचावून ऐकतो. ते सुखही थोडे नव्हे. परंतु ज्या गीताचा आनंद गाणाऱ्यांनी आपापसांत वाटून घ्यावयाचा, तो आता वरून खाली ऐकू येतो. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? यंत्राने उत्तमोत्तम गाणे घरात आणले आणि घरातले कंठ हळूहळू मिटले. वाचकहो, वसंत ऐकून घेण्याचा ऋतू नव्हे. त्यात आपलाही एक स्वर, कच्चा का होईना, मिसळावा लागतो.