धडक दिली, बसली, झाली

मराठीत ‘धडक’ हे नाम एकटे उभे राहत नाही. त्याला क्रियापद लागते, आणि ते निवडताच निवाडाही होऊन जातो. धडक दिली म्हटले की देणारा उभा राहतो. धडक बसली म्हटले की सोसणारा तेवढा दिसतो. धडक झाली म्हटले की दोघेही अदृश्य होतात आणि मागे केवळ घटना उरते. हा व्याकरणाचा पाठ आम्ही वर्गात शिकलो नाही. तो दिव्याच्या फलाटावर शिकलो, आणि निमित्त होते 2004 सालच्या फेडरेशन चषकाचे.

तेव्हा आमचा मुक्काम दिवा पूर्वेच्या एका चाळीत होता. चाळीत बहुतेक बिऱ्हाडे सिंधुदुर्गातली. शेजारच्या काकांची बहीण दोडामार्गला दिलेली, भाचा पणजीत नोकरीला, आणि त्या नात्याने काका धेंपो क्लबचे निस्सीम भक्त. मुंबईकर मराठी माणूस क्रिकेटपलीकडे पाहत नाही, हे विधान करणाऱ्यांनी दोडामार्गच्या अलीकडे-पलीकडे एकदा हिंडून यावे. असो. रविवार, 5 डिसेंबरला बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर धेंपो आणि मोहन बागान यांच्यात अंतिम सामना झाला. सोमवारी चैत्यभूमीकडे निघालेल्या जनसमुदायाने गाड्या भरून चालल्या होत्या. त्या गर्दीत काकांनी वर्तमानपत्राची घडी आमच्या हाती दिली आणि ते काही बोलले नाहीत.

धेंपो 2–0 ने जिंकला होता. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या 25 वर्षांच्या ब्राझिली खेळाडूचे. दुसरा गोल मारतानाच त्याची आणि पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाची टक्कर झाली. तो कोसळला तो उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. (हे आणखी एक कर्ताहीन वाक्य. आमच्या भाषेत मरणाची नोंद बहुधा कर्मणी प्रयोगातच होते.) गोलरक्षक सुब्रत पाल जेमतेम 18 वर्षांचा होता.

पुढचे काही दिवस वृत्तवाहिन्यांनी ती काही सेकंदांची चित्रफीत पुनःपुन्हा दाखवली आणि आमच्या डब्यात न्यायालय भरले. ‘त्याने धडक दिली’ म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा होता. काकांच्या क्लबाचा माणूस गेलेला, तेव्हा त्यांचा आवाज सर्वांत चढा असणार अशी आमची अटकळ होती. काका एवढेच म्हणाले, “गोलकी भायर येतलोच. येवचो नाय तर तेका उभो केल्यानी कित्याक?”

या वाक्याचे मर्म समजायला आम्हांला वेळ लागला. 1977 मध्ये सुरू झालेला फेडरेशन चषक ही मुळात बाद पद्धतीची स्पर्धा. साखळी स्पर्धेत आजची हार उद्याच्या गुणांनी भरून काढता येते. साखळीला कादंबरीसारखा अवकाश असतो. बाद स्पर्धेत उद्या नसतो. एका गोलाने मागे असलेल्या संघाच्या गोलरक्षकाला, अंतिम सामना सरत आला असताना, जागेवर थांबून वाट पाहण्याची चैन परवडत नाही. पुढे धावणे हा त्याचा स्वभाव असेल-नसेल, त्या स्पर्धेच्या रचनेने ते त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेले असते. पुढे त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची पुरेशी सोय नव्हती, ही टीकाही झाली. पण ती चर्चा चित्रफितीसारखी पुनःपुन्हा दाखवता येत नव्हती. नसलेल्या गोष्टीचे छायाचित्र कसे काढणार? धेंपोने 10 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली.

दिव्याला त्या काळी फक्त धीम्या गाड्या थांबत, आणि त्याही कल्याण-डोंबिवलीहून भरून येत. दिवेकराच्या वाट्याला दार येई. ही गाडी गेली तर पुढची आहेच, हा साखळीचा न्याय ज्याला हजेरीच्या वेळेची धास्ती नाही त्याने सांगावा. आमच्या सकाळी बाद पद्धतीच्या होत्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या चाळीतला एक तरुण दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दारातून पडून गेला. त्याच्या घरच्यांना काही मदत मिळावी म्हणून तो काम करी त्या कंपनीला अर्ज करायचा ठरला आणि मजकूर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. चाळीत मराठी घेऊन एम.ए. झालेले आम्ही एकटेच. चांगले दोन परिच्छेद लिहिले. त्यात लिहिले, ‘गाडीतून तोल जाऊन पडल्याने’. हात थबकलाही नाही; सगळे तसेच लिहितात. महिन्याभराने उत्तर आले. आपल्याच अर्जात नमूद केल्यानुसार सदर कर्मचाऱ्याचा तोल गेला असल्याने, असा त्याचा आरंभ होता. नकाराची कारणमीमांसा आम्हीच पुरवली होती. काकांनी ते पत्र आमच्याकडून वाचून घेतले, घडी घालून परत दिले, आणि याही वेळी ते काही बोलले नाहीत.

सुब्रत पाल पुढे भारताचा गोलरक्षक झाला. 2011 च्या आशियाई चषकात त्याने केलेले बचाव अनेकांच्या स्मरणात आहेत. त्याचे नाव निघाले की 2004 ची ती चित्रफीत मात्र अजूनही बाहेर काढली जाते. फेडरेशन चषक 2017 नंतर झाला नाही. काका निवृत्त होऊन गावी गेले.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले. त्यांतले काही दगावले. संध्याकाळपर्यंत चर्चा सुरू झाली होती, की कोणाच्या पाठीवरची बॅग कोणाला लागली. म्हणजे धडक कोणी दिली. त्या रात्री आम्ही जुन्या कागदांतून अर्जाची कार्बन प्रत शोधून काढली. ‘तोल जाऊन’ हे दोन शब्द पेन्सिलीने खोडले आणि वर लिहिले : ‘आत पाय ठेवायला जागा नसल्यामुळे तो दारात उभा होता.’ वाक्य तिथपर्यंतच झाले आहे. क्रियापद अजून ठरायचे आहे.