नाव

आमचे घर बोईसरशेजारच्या कुंभवली गावी आहे. आजोबांच्या काळी घराच्या तिन्ही अंगांस भातखाचरे होती असे सांगतात. आम्ही स्वतः त्यांतले एकच पाहिले. १९६९ साली तारापूरच्या अणुकेंद्राची वीज सुरू झाली, पाठोपाठ औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे राहिले, आणि पिढ्यान् पिढ्या भात लावणारी माणसे पाहता पाहता घरमालक झाली. आम्हीही झालो. परसात दोन खोल्या बांधल्या आणि कारखान्यांतील नोकरदारांस त्या भाड्याने देऊ लागलो. भाडेकरू पारखण्याची विद्या आपणांस अवगत आहे, असा आमचा बरेच दिवस समज होता.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी एक तरुण खोली पाहावयास आला. एका कारखान्यात फिटर होता, मूळचा दापोलीकडचा. बोलण्याचा हेल असा अस्सल कोकणी, की भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वीच बांगड्याचे तिखले आणि तांदळाची भाकरी या विषयांवर आमची अर्धी घटका गेली. उठता उठता त्याचे लक्ष विहिरीवरील पंपाकडे गेले. पंप बरेच दिवस गळत होता. त्याने आमच्याकडून पाना मागून घेतला, उकिडवा बसून दोन नट आवळले आणि गळती थांबविली. आम्ही खूश होऊन कागद पुढे ओढला आणि करारात घालण्यासाठी त्याचे पूर्ण नाव विचारले. त्याने ते सांगितले.

आमची लेखणी थांबली. मग आम्हांस एकाएकी आठवले, की ती खोली कालच दुसऱ्या एकास बोललेली आहे. असा दुसरा कोणी नव्हता. आणि ते त्यालाही कळले असावे, कारण त्याने उलट एकही प्रश्न केला नाही. पाना पुसून ओट्यावर ठेवला, “बरं, काका,” म्हणाला आणि गेला. त्या दिवशी मनाशी आम्ही पुष्कळ कारणे जमविली. शेजारी काय म्हणतील, हे त्यांतले मुख्य. खरे सांगावयाचे तर शेजाऱ्यांस आम्ही विचारलेच नव्हते.

ही गोष्ट आम्ही कदाचित विसरलोही असतो; परंतु त्याच पावसाळ्यात चिंचणीच्या ताम्रपटांची माहिती आमच्या वाचनात आली. चिंचणी म्हणजे तारापूरच्या खाडीवरचे आमच्या अगदी ओळखीचे गाव. लहानपणी समुद्रावर जावयाचे ते तेथेच. त्या गावी सापडलेले काही ताम्रपट दिनेशचंद्र सरकार या विद्वानांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केले आहेत. त्यांतील सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळी राष्ट्रकूटांच्या गादीवर तिसरा इंद्र होता, आणि आमच्या या किनाऱ्याचा प्रदेश संयान मंडलात मोडत होता. संयान म्हणजे आजचे संजाण. डहाणू, घोलवड अशी स्टेशने मागे टाकीत गाडी गुजरातेत शिरली की उंबरगावानंतर ते लागते. पारशांच्या आगमनाच्या कथेमुळे त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ताम्रपटात ज्याची थोरवी वर्णिली आहे, तो संयानचा अधिपती पारशीही नव्हे आणि हिंदूही नव्हे. त्याचे नाव मधुमती.

वाचकांस हे नाव एखाद्या नायिकेचे वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. वस्तुतः ते ‘महंमद’ या नावाचे संस्कृत रूप आहे. त्याचे दुसरे नाव सुगतिप. तो ताजिक, म्हणजे अरब वंशाचा होता, हे ताम्रपट लपवीत नाही आणि त्याचे कौतुकही करीत नाही. कुळ सांगावे तसे सांगून पुढे जातो. दुसऱ्या कृष्णराजाने संयान मंडल त्याच्या हाती दिले. त्याने आसपासची बंदरे जिंकून तेथे आपले अंमलदार बसविले. नंतर दोन प्रवाहांवर लोकांच्या येण्याजाण्यासाठी फुकट नावा ठेवल्या; आणि संयानात एक अन्नसत्र घातले, जेथे भात, कालवण आणि तूप मिळत असे. (हजार वर्षांत आमच्या ताटात फारसा फरक पडलेला नाही, तूप तेवढे आता मोजून वाढतात.) अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने भगवती देवीची मठिका उभारिली, तेव्हा तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि नऊ जणांच्या भोजनासाठी एक गाव आणि काही जमीन देण्यात आली, ते दान राजाच्या संमतीने या मधुमतीनेच दिले. अरबाने देवीस गाव द्यावे आणि त्याची सनद संस्कृतात कोरली जावी, ही गोष्ट जेथे घडली तेथून आमचे घर मोटारीने फार तर तास-दीड तासाच्या अंतरावर आहे.

याचा अर्थ तो काळ सत्ययुग होता, असे आम्ही म्हणत नाही. ताम्रपट ही दात्याची स्तुती असते, आणि बंदरे जिंकली म्हणजे रक्त सांडलेच असणार. राष्ट्रकूटांचा स्वार्थही उघड आहे. अरबांच्या गलबतांबरोबर व्यापार येई, आणि समुद्रावरील माणसांशी बोलावयास समुद्रावरचाच माणूस बरा. अरब लेखकांनी या राजांस ‘बल्हारा’ म्हणून वाखाणिले आहे, तेही याच देवघेवीमुळे. मसूदी हा प्रवासी त्याच सुमारास चौलास आला होता. तेथे मुसलमानांची वस्ती दहा हजारांची असल्याचे तो लिहितो. त्यांत ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते, तसेच याच भूमीवर जन्मलेलेही होते. आणि त्यांचा प्रमुख येथील राजा त्यांच्यातूनच नेमीत असे. शंभर वर्षांनंतरच्या, शके ९५६ च्या दुसऱ्या एका ताम्रपटात संयानच्या प्रतिष्ठित नागरिकांत अल्लिय आणि मधुमत अशी नावे आढळतात. म्हणजे पहिला मधुमती हा काही एकटा चमत्कार नव्हता. मात्र आम्हांस या सर्वांत जे विलक्षण वाटले ते असे, की त्याने आपले काय सोडले याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही. त्याच्याकडे नदी सोपविली. त्याने नाव घातली.

आमचा एक आप्त जर्मनीत नोकरीस आहे. त्याच्या पत्रांतून तिकडील मुसलमानांविषयीचे वाद आम्हांस कळत असतात. १९६१ साली त्या देशाने तुर्कस्तानाशी करार करून मजूर बोलाविले आणि त्यांस नाव दिले ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे परत जाणारा. १९७३ साली भरती थांबली. पण पाहुणे गेले नाहीत, त्यांस मुले झाली, नातवंडे झाली. आणि परकीय आईबापांच्या मुलास केवळ तेथे जन्मल्याने, काही अटींवर का होईना, नागरिकत्व देणारा कायदा अमलात आला तो २००० साली. फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांतील डोईचा रुमाल बंद केला. स्वित्झर्लंडने २००९ साली लोकमत घेऊन नवे मिनार बांधण्यास मनाई केली. उलटपक्षी २०१६ साली लंडनने आपला महापौर म्हणून सादिक खान यांस निवडले, हेही सांगितले पाहिजे. आमच्या आप्ताचे म्हणणे असे, की या लोकांनी आधी भाषा शिकावी, रीतीभाती उचलाव्या, मिसळून जावे. मग दारे आपोआप उघडतील. वर्षापूर्वी आम्हीही मान डोलाविली असती.

परंतु दापोलीच्या त्या पोरास शिकावयाचे काय उरले होते? भाषा त्याची आमचीच होती. त्याच्याच मुलखातील मिरजोळीचे हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे मराठी कोणी उसने म्हटले नाही. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ तर सतराव्या शतकातला. जेवण एक, हेल एक, पंपाची गळती ओळखणारे हात आम्हांपेक्षा सरस. सर्व परीक्षांत तो उतरला होता. आम्ही मात्र शेवटी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर तो बदलू शकत नव्हता. त्याच्या हाताचे काम तर आम्ही आधीच घेऊन बसलो होतो. जर्मनांस हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, याचा विचार करीत आम्ही त्या आप्ताच्या पत्राचे उत्तर अजून लिहिलेले नाही.

गेल्या महिन्यात परसातील एक खोली मोकळी झाली. तो त्याच कारखान्यात आहे हे ठाऊक होते. कारण अधूनमधून नाक्यावर दिसे, नमस्कार करी, आणि आम्ही घाईत असल्यासारखे करीत असू. या वेळी आम्ही पाळी सुटण्याच्या वेळेस फाटकाबाहेर उभे राहिलो. खोली रिकामी आहे, तुला हवी असल्यास भाडे तेच, असे सांगितले. मागची गोष्टही बोलून टाकावयाची होती. पण ती नीट जमली नाही, आणि त्यानेही ती पुरी होऊ दिली नाही.

“काका, आता लग्न झालं माझं,” तो म्हणाला. “आमच्यातल्याच वस्तीत घेतली खोली. बायकोला तिथं शेजार आहे. आता दुसरीकडे विचारत नाही मी.”

ही दुसरीकडे न विचारण्याची सवय त्यास कोणत्या रविवारी लागली, हे आम्ही त्यास विचारले नाही. त्याने गाडीस किक मारली, मग पुन्हा थांबून मागे वळला.

“पंप कसा चालतोय?”

तेव्हापासून थेंबही गळाला नाही, असे आम्ही सांगितले.