एक वाट, एक पान

वडसा, रविवार रात्र

वेब प्रोग्रॅमिंग शिकायचं तर साहित्य उदंड आहे, आणि नवख्याची दमछाक तिथेच होते. मी निवडीच्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत: धडा ताजा आहे का, हाताने कोड लिहायला लावतो का, आणि कमी डेटात चालतो का? जो धडा अजून ‘फॉन्ट’ टॅगने रंग द्यायला शिकवतो, तो सोडून द्यायचा. २०१४ साली प्रमाण झालेल्या एचटीएमएल५ मध्ये तो टॅग बाद आहे.

सरावाला फ्रीकोडकॅम्प, मोफत, आणि ब्राउझरमध्येच कोड तपासता येतो. शंकेला एमडीएन हे वेब तंत्रज्ञानाचं संदर्भस्थळ. इंग्रजी जड जाणाऱ्यांनी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाहावे. तिथे अनेक विषयांचे धडे मराठीतही आहेत, उतरवून घेता येतात. क्रम एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट.

पण शिकवतं ते स्वतःचं काम. आमचं गाव वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. गाव, तारीख, नाटक, मंडळ यांचं एक साधं वेबपान मी बनवतो आहे. तक्ता, दुवे, मोबाइलवरची मांडणी, सारं त्यात येतं.

मित्रांनो, एकच मार्ग निवडा, तो पुरा करा, आणि आपल्या गावाच्या उपयोगाचं एक पान तरी बनवा.